औषधाने कावीळ झाली असेल तर: तारखांचा कागद कसा करायचा

कावीळ औषधाने झाली आहे असं सांगणारी रक्ताची तपासणी अजून नाही. हिपॅटायटिस बी असेल तर रक्तात सापडतो, पित्ताचा खडा सोनोग्राफीत दिसतो, पण एखाद्या गोळीने लिव्हर बिघडवलं हे दाखवणारा रिपोर्ट कुठलीही लॅब देत नाही. डॉक्टर हे निदान तारखांवरून करतात. गोळी कधी सुरू झाली, लघवी कधी पिवळी झाली, गोळी कधी बंद केली, आकडे कधी उतरले, हे सगळं एका ओळीत मांडलं की उत्तर दिसू लागतं. तारखा नसतील तर मोठ्यातला मोठा तज्ज्ञही अंदाजच करतो.

मुंबईत पोटविकारांच्या ओपीडीत संशोधनासाठी रुग्णांची माहिती गोळा करण्याचं काम मी काही वर्षं केलं. मी डॉक्टर नाही. माझं काम विचारायचं आणि लिहायचं. त्या टेबलामागून जे शिकले ते घरच्या माणसांसाठी इथे देते आहे, कारण हा कागद घरीच उत्तम तयार होतो. ओपीडीच्या रांगेत दोन तास उभं राहिल्यावर कुणालाच काही आठवत नाही.

आधी हे पाहा, कागद नंतर

डोळे पिवळे झालेला माणूस दिवसा झोपेत राहायला लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडू लागले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागलं किंवा पोट फुगलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. लिव्हर निकामी होत असल्याच्या या खुणा आहेत. अशा वेळी जिथे लिव्हर प्रत्यारोपणाची सोय आहे किंवा तिथे लगेच पाठवण्याची व्यवस्था आहे असं रुग्णालय बरं. जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाइन लावून दोन दिवस वाट पाहण्यात फार मोलाचा वेळ जातो.

चुकून किंवा रागाच्या भरात पॅरासिटॅमॉल जास्त घेतलं गेलं असेल तर लक्षणांची वाटच पाहायची नाही. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही वरची मर्यादा आहे. रोज दारू घेणाऱ्याने किंवा खूप अशक्त माणसाने तिच्या जवळपासही जाऊ नये. यावर एन-ॲसिटिलसिस्टिन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगलं काम करतो. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो, तिथेच घरचे फसतात.

टीबीची औषधं चालू असलेल्यांसाठी एक गोष्ट. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होतेच. तो औषधाचा रंग असतो, त्यावरून कावीळ ठरत नाही. म्हणून लघवीवर न जाता डोळ्यांचा पांढरा भाग खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा निसटतो. डोळे पिवळे असतील, किंवा अन्नाचा वास नको वाटणं, सतत मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं असं काही असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी टीबी केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जा. निक्षय या सरकारी टीबी कार्यक्रमाची हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे. घरच्या घरी गुपचूप गोळ्या बंद करून महिनाभर बसणं आणि उलट्या होत असताना नेटाने गोळ्या गिळत राहणं, दोन्ही मी पाहिलं आहे आणि दोन्हींचे परिणाम वाईट झाले आहेत. फिटच्या गोळ्या आणि स्टेरॉइड तर स्वतःहून अचानक थांबवायचेच नाहीत.

पिशवी रिकामी करा

आता घरातली औषधं गोळा करा. ती नेहमी तीन-चार ठिकाणी असतात: फ्रिजवरचा डबा, उशाखाली, ऑफिसची बॅग, देवघराशेजारचा कप्पा. गेल्या सहा महिन्यांत पोटात गेलेलं सगळं मोजायचं, चालू असलेलं आणि बंद केलेलंही.

सर्वांत मोठी चूक "औषध" या शब्दात आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी एका मावशींना विचारलं, "आणखी काही औषध घेता का?" त्या नाही म्हणाल्या. मी फॉर्मवर "नाही" लिहिलं. आठवड्याने त्यांच्या सुनेने सहज सांगितलं की सासूबाई चार महिने रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेतात. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी काढा म्हणजे औषध नव्हेच, ते घरचं. प्रश्न माझा चुकला होता. तेव्हापासून मी विचारते, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं?" तुम्हीही असंच विचारा.

मग या गोष्टी बाहेर येतात: काढा, चूर्ण, भस्म, वजन कमी करायची पावडर, जिमवाल्याने दिलेला डबा, केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, गावाहून आलेली मुळी, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल. जिमच्या डब्याबद्दल तरुण मुलं आईसमोर बोलत नाहीत, त्यांना बाजूला घेऊन विचारावं.

गुळवेलीचा उल्लेख मुद्दाम केला. कोविडच्या पहिल्या वर्षी, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले ६ रुग्ण आढळले आणि त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या बऱ्याच जणांत स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने लिव्हरवर हल्ला केल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या नोंदींना हरकत घेतली. वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे नीट ओळखलं गेलं नाही, असा त्यांचा एक मुद्दा होता. हा वाद कुणी कसाही पाहो, घरच्यांसाठी त्यातून एक काम निघतं: काढ्याची उरलेली काडी, पावडरीचा तळ, रिकामी बाटली फेकू नका. कोरड्या डब्यात बंद करून, वर तारीख लिहून ठेवा. ओळख पटवायला तेवढाच पुरावा उरतो.

स्ट्रिपांचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा बहुतेक वेळा नाव एका तुकड्यावर आणि बॅच नंबर दुसऱ्यावर जातो. अशी कापलेली स्ट्रिप असेल तर त्याच दुकानात जाऊन नाव लिहून आणा. बिल नसलं तरी ऑनलाइन पैसे दिल्याचा मेसेज फोनमध्ये असतो, त्यात तारीख मिळते.

तारखांचा कागद

एक आडवा कागद घ्या. प्रत्येक औषधाला एक ओळ: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधी सुरू, कधी बंद, कशासाठी, कुणी दिलं. औषधं संपली की खाली लक्षणांच्या ओळी: भूक कधी गेली, खाज कधी सुटली, डोळे कधी पिवळे दिसले, ताप किंवा अंगावर पुरळ होतं का. त्याखाली रिपोर्टच्या तारखा.

"तारीख आठवते का?" असं विचारलं की लोक गप्प होतात. "गणपती बसले तेव्हा गोळ्या चालू होत्या का?" असं विचारलं की आठवतं. गौरी गेल्या त्याच्या आधी की नंतर, पोराची परीक्षा चालू होती का, पगार झाला होता का, ज्या दिवशी पावसाने लोकल बंद पडल्या त्याच्या अलीकडे की पलीकडे. अशा खुणांवरून दोन-तीन दिवसांच्या फरकाने तारीख सापडते आणि तेवढी पुरते. पक्की नसेल तर पुढे "अंदाजे" लिहा. खोटी नेमकी तारीख अंदाजापेक्षा जास्त नुकसान करते.

भरलेली एक ओळ अशी दिसेल: "अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट ६२५, दिवसातून ३ वेळा, ३ ऑगस्टला सुरू, ९ ऑगस्टला संपलं, दाढ दुखत होती, दातांच्या डॉक्टरांनी दिलं." आणि खाली: "२८ ऑगस्टपासून खाज, १ सप्टेंबरला डोळे पिवळे." घरचे म्हणतात, गोळ्या तर तीन आठवड्यांपूर्वीच संपल्या, त्यांचा काय संबंध? या अँटिबायोटिकचा संबंध असू शकतो. त्याची कावीळ औषध संपल्यावर कित्येक आठवड्यांनी येऊ शकते, आणि अमेरिका-युरोपच्या नोंदींत लिव्हरला इजा करणाऱ्या औषधांत ते सर्वांत वर आहे. म्हणून बंद झालेल्या औषधांची ओळही तितकीच महत्त्वाची.

पॅरासिटॅमॉलसारखी मात्रेवर अवलंबून असलेली इजा सोडली, तर बाकीची बहुतेक इजा औषध सुरू केल्यापासून साधारण ५ ते ९० दिवसांत दिसते. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही टीबीची तीन औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात, आणि तो बहुधा पहिल्या दोन महिन्यांत होतो. चौथं इथॅम्ब्युटॉल लिव्हरच्या बाबतीत सौम्य आहे. दहा वर्षं चालू असलेली बीपीची गोळी आज अचानक कावीळ करण्याची शक्यता कमी, महिन्यापूर्वी आलेला नवा पाहुणा जास्त संशयित. तरीही जुनं खोडू नका, ते काम डॉक्टरांचं.

रिपोर्टचे आकडे ओळीत लावा

एलएफटीच्या, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमधून चार आकडे कागदावर उतरवा: एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की वाढते), अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताची वाट अडली की वाढतं), एकूण बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग), आणि वेगळा केलेला असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा). प्रत्येकासमोर त्या लॅबची वरची मर्यादाही लिहा, कारण ती लॅबनुसार बदलते. शक्यतो सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा.

संशोधक यातून एक साधा भागाकार करतात. समजा एसजीपीटी ६४० आहे आणि मर्यादा ४०, म्हणजे १६ पट. अल्कलाइन फॉस्फटेज १८० आणि मर्यादा १२०, म्हणजे दीडपट. १६ भागिले दीड, जवळजवळ ११. हा आकडा ५ किंवा जास्त असेल तर इजा लिव्हरच्या पेशींना, २ किंवा कमी असेल तर पित्ताच्या वाटेला, मध्ये असेल तर दोन्हींना. आयसोनियाझिड सहसा पहिल्या गटातलं चित्र देतं, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट बऱ्याचदा दुसऱ्या. संशयिताची ओळख पटायला मदत होते ती अशी.

दुसरा नियम हायमन झिमरमन या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो. औषधाने पेशींना इजा होऊन एसजीपीटीने वरच्या मर्यादेची तिप्पट ओलांडली आणि सोबत बिलिरुबिनही मर्यादेच्या दुपटीवर गेलं, तर अशा दहा रुग्णांमागे साधारण एकाच्या जिवाला धोका असतो. नवी औषधं मंजूर होताना आजही हीच फूटपट्टी लावतात. म्हणून "नुसती कावीळ आहे, उतरेल" हे वाक्य मला फार घातक वाटतं. आयएनआर १.५ किंवा वर गेला असेल तर रुग्ण घरी ठेवू नये.

बाकीच्यांना वगळणं

औषधावर बोट ठेवण्याआधी इतर कारणं बाद व्हावी लागतात, आणि मुंबईत पावसाळ्यात ही यादी लांबते. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात. लेप्टो, मलेरिया आणि डेंग्यूतही लिव्हर बिघडतं. अमेरिकेत औषधाचा संशय असलेल्या ३१८ रुग्णांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ९ जणांत ताज्या हिपॅटायटिस ईची खूण सापडली. तिथे हे होतं, तर आपल्याकडे हिपॅटायटिस ईची आयजीएम तपासणी (ताजा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) न करता औषधाला दोष देणं बरोबर नाही. गरोदर बाईच्या बाबतीत तर ती तपासणी राहूच नये.

हिपॅटायटिस बी आणि सी, ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली का ते पाहणाऱ्या) तपासण्या, सोनोग्राफी, दारूचा खरा हिशेब, हे डॉक्टर विचारतीलच. रिपोर्ट जुने असले तरी सोबत न्या. पूर्वीचा एखादा नॉर्मल एलएफटी तर सोन्यासारखा, कारण त्यावरून आधी लिव्हर ठीक होतं हे सिद्ध होतं. टीबीची किंवा संधिवातात देतात त्या मेथोट्रेक्सेटसारखी औषधं सुरू होणार असतील तर पहिल्या गोळीआधी एलएफटी मागून घ्या, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

औषध थांबल्यानंतरचे आठवडे

संशयित औषध डॉक्टरांनी थांबवलं की कागदावर त्या दिवसाची रेघ ओढा. पुढच्या रिपोर्टांच्या तारखा याच रेघेपासून मोजल्या जातात. पेशींच्या इजेत वाढलेली एसजीपीटी ८ दिवसांत निम्म्याने उतरली तर संशय फार पक्का होतो, ३० दिवसांत उतरली तरी वजन पडतं. पित्ताच्या प्रकारात महिने लागतात, तिथे धीर सोडू नये. या सगळ्या गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज करणारी रुकॅम नावाची पद्धत १९९३ पासून वापरात आहे: बेरीज ६ ते ८ आली तर "बहुधा औषधानेच", ९ किंवा वर आली तर "जवळजवळ नक्की". तुमचा कागद नीट असेल तर डॉक्टरांना ही बेरीज पाच मिनिटांत करता येते.

याच आठवड्यांत शेजारपाजारचे सल्ले येतात. काविळीची माळ घाला, अमुक गावी नाकात थेंब टाकतात, तमुक बाबा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतात. माळेने कुणाला इजा होत नाही, पण माळ लांबते आहे म्हणजे कावीळ उतरते आहे असं समजून तपासणी टाळली जाते तेव्हा होते. पोटात जाणारं मात्र काहीही नवं नको. एका अनोळखी पाल्यापाचोळ्याने बिघडलेल्या लिव्हरवर दुसरा पाला घातला की पुढच्या रिपोर्टचा अर्थच लागत नाही. उसाचा रस रस्त्यावरचा नको, पाण्याची खात्री नसते. भात-वरण, भाजी, अंडं पचत असेल तर अंडं, असं घरचं साधं जेवण थोडं थोडं पण पुरेसं खायचं. निव्वळ काकवी-ताकावर ठेवून माणूस आणखी खंगतो.

"आकडे उतरले, मग तीच गोळी पुन्हा घेऊन बघू" हे घरी कधीही करू नका. दुसऱ्या वेळची इजा पहिलीपेक्षा जोरदार असू शकते. टीबी हा मोठा अपवाद, कारण तिथे औषधाशिवाय गत्यंतर नसतं. तिथे डॉक्टर आकडे उतरल्यावर एकेक औषध क्रमाने आणि तपासण्या करत परत सुरू करतात. भारतात १७५ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात परत सुरू करण्याच्या तीन पद्धती ताडून पाहिल्या. साधारण ११ टक्के रुग्णांत त्रास पुन्हा झाला आणि तिन्ही पद्धतींत खास फरक नव्हता. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ जणांना औषधं परत चालली. टीबीच्या रुग्णाला हे सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

आतड्याच्या रुग्णांसाठी

आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण येण्याचा आजार) हे दोन आजार दुर्बिणीतून आणि बायोप्सीतही एकमेकांसारखे दिसू शकतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की शंका उरली तर आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात आणि व्रण भरले का बघतात. यात दोष कुणाचा नाही, पण शेवटी क्रोन्स निघालेल्या माणसाने लिव्हरवरचा तो धोका विनाकारण पत्करलेला असतो. म्हणून दुसऱ्या कोलोनोस्कोपीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून घ्या आणि ती पुढे ढकलू नका. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा तसाच आजार) यांत ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होत असेल तर सुरुवातीचे काही आठवडे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी वरचेवर लागतात. एनयूडीटी१५ या जनुकातला एक बदल आशियाई लोकांत जास्त आढळतो आणि त्यांत या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात. ही तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारा.

नोंद कुठे करायची

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालतो. त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंद केंद्रं आहेत, परळच्या केईएममध्येही आहे. रुग्ण स्वतः नोंद करू शकतो, त्यासाठी वेगळा सोपा फॉर्म आहे आणि टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे. संशय पुरतो, सिद्ध करावं लागत नाही. काढा, चूर्ण, पावडरीचीही नोंद करा.

एकेका नोंदीने काय होतं, असं मला विचारतात. २०१३ ते २०१८ या काळात भारतातल्या केंद्रांनी मिळून १२८८ रुग्णांची अशीच नोंद केली. त्यात टीबीची औषधं सुमारे ४६ टक्के आणि आयुर्वेदिक, वनौषधी वगैरे पर्यायी औषधं सुमारे १४ टक्के निघाली. पाश्चात्त्य देशांची यादी आपल्याला लागू नाही हे त्या १२८८ कागदांमुळे आकड्यांत दिसलं.

अभ्यासात सहभागी व्हा असं विचारलं तर

आधी विचारा: हा नुसता नोंदींचा अभ्यास आहे की नवं औषध देऊन बघायची चाचणी? पहिल्यात तुमचे उपचार बदलत नाहीत, माहिती आणि कधी थोडं जास्त रक्त घेतात. दुसऱ्यात सीटीआरआय नंबर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर, मागा. ही नोंदवही २००७ पासून आहे, आणि नंबर टाकून चाचणी कुणाची, कशासाठी, कुठे, हे कुणीही बघू शकतं. माहितीपत्रक मराठीत मागणं हा तुमचा हक्क आहे. ते घरी न्या, शिकलेल्या भाचीला वाचायला द्या, दुसऱ्या दिवशी सही करा. सही केलेली प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, आणि त्यावर एथिक्स कमिटीचा (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा) फोन असला पाहिजे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि इजा चाचणीमुळेच झाल्याचं ठरलं तर भरपाईही मिळते. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडत नाहीत. कुणी घाई करत असेल, "सगळेच सही करतात" म्हणत असेल, तर सही करू नका. रक्त जनुकीय तपासणीसाठी ठेवणार का, किती वर्षं, हेही विचारा. जनुकांचा अभ्यास गरजेचा आहे, आयसोनियाझिड शरीरात कुणाचं हळू मोडतं हे त्यातूनच कळलं, पण विचारून घेतलेलं रक्त आणि न विचारता घेतलेलं रक्त यांत फरक आहे.

बरं झाल्यावर एक छोटा कार्ड करा. औषधाचं कंपनीचं नाव बदलतं, म्हणून आतल्या मूळ घटकाचं नाव लिहा, कावीळ झाल्याचा महिना आणि वर्ष लिहा, आणि तो रेल्वे पासच्या मागे ठेवा. पुढच्या वेळी दाढ दुखून दवाखान्यात जाल तेव्हा खुर्चीत बसण्याआधी तो कार्ड डॉक्टरांच्या हातात द्या.